प्रोसेसराच्या बंद केलेल्या सोयी : त्या झांकाव्या कशा ?

इ. स. १९९१ मध्यें इंटेल कंपनीनें ४८६ एसएक्स नांवाचा एक प्रोसेसर हलक्या किंमतीस बाजारांत आणला. त्याचा थोरला भाऊ जो ४८६ डीएक्स, त्याच्या पोटांत अपूर्णांकांचें गणित करणारा एक स्वतंत्र विभाग होता. एसएक्समध्यें तो नाहीं असें जाहीर झालें. परंतु आरंभीच्या एसएक्सच्या सिलिकॉनवर तो विभाग कोरलेला होताच. फक्त तो बंद करून ठेवला होता. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें तो नव्हता, आणि कारागिराच्या दृष्टीनें तो होता. वस्तु जागेवर आहे, पण ती नाहीं असें धरून चालावयाचें, हा प्रसंग संगणकाच्या जगांत तेव्हांपासून वारंवार येत गेला आहे. तो पार पाडण्याचें काम ज्याच्यावर येऊन पडतें त्या कर्नेलाविषयीं आम्ही या लेखांत लिहिणार आहों. विषय थोडा किचकट आहे खरा. तथापि ज्यांस बेरीज-वजाबाकी येते व ज्यांनीं संगणक एकदां तरी हाताळला आहे त्यांस तो कळण्यास अडचण पडूं नये. पालकांनींहि तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. बँकेच्या व्यवहारापासून मुलांच्या परीक्षेच्या अर्जापर्यंत जें जें आज घरबसल्या चालतें, तें याच यंत्रांच्या भरंवशावर चालतें.

कर्नेल या इंग्रजी शब्दाचा अर्थ कवचाच्या आंतला गर असा आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदीं आंतला भाग यंत्राशीं प्रत्यक्ष बोलतो, त्यास हें नांव पडलें. आपण ज्यांतून पत्र लिहितों, चित्र पाहतों, गाणें ऐकतों, ते सारे प्रोग्राम कर्नेलाच्या आश्रयानें राहतात. प्रोसेसराचा वेळ कोणास किती द्यावयाचा, स्मृतीचा कोणता तुकडा कोणाच्या मालकीचा, हें तो ठरवितो. लिनक्स हा असाच एक कर्नेल होय. हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोरव्हाल्ड्स या तरुणानें १९९१ सालींच तो लिहावयास घेतला. आज त्यावर जगभरचे हजारों लोक काम करितात, आणि त्याचा प्रत्येक शब्द कोणासहि वाचतां येतो. म्हणूनच आम्ही उदाहरणें त्यांतून घेत आहों. बंद पेटींतील यंत्राविषयीं तर्क लढविण्यापेक्षां उघड्या यंत्राकडे बोट दाखवितां येणें शिक्षकास केव्हांहि बरें.

आतां ‘सोय’ म्हणजे काय तें पाहूं. बेरीज, वजाबाकी, तुलना अशा मूळच्या आज्ञा प्रत्येक प्रोसेसरास कळतात. पण पिढीमागून पिढी त्यांत नवीन आज्ञांची भर पडत गेली. एकाच आज्ञेनें संख्यांच्या आठ आठ जोड्यांची बेरीज करणें, गुप्तलेखनासाठीं अक्षरांची उलथापालथ करणें, फांसा टाकावा तशी यदृच्छेनें एखादी संख्या काढून देणें, या सगळ्या मागाहून आलेल्या सोयी होत. जुन्या प्रोसेसरास अशी नवी आज्ञा दिली तर ‘ही आज्ञा मला ठाऊक नाहीं’ म्हणून तो कर्नेलाकडे तक्रार नेतो, आणि कर्नेल ती देणाऱ्या प्रोग्रामास सामान्यतः तेथल्या तेथें संपवितो. तेव्हां आज्ञा देण्यापूर्वीं ती चालेल कीं नाहीं हें विचारून घेणें भाग आहे.

असें विचारण्यासाठीं सीपीयूआयडी नांवाची आणखी एक आज्ञाच आहे. १९९३ सालच्या पेंटियमपासून ती रूढ झाली. प्रोग्राम एका रजिस्टरांत प्रश्नाचा क्रमांक ठेवतो व ही आज्ञा देतो. प्रोसेसर चार रजिस्टरांत उत्तर भरून देतो. शून्य क्रमांकाच्या प्रश्नास घराण्याचें नांव बारा रोमन अक्षरांत मिळतें. इंटेलचा प्रोसेसर आपणांस ‘जेन्युइन इंटेल’ म्हणवितो, एएमडीचा ‘ऑथेंटिक एएमडी’. एक क्रमांकाच्या प्रश्नास सोयींची यादी मिळते. हजेरीपटावर जशी प्रत्येक मुलापुढें खूण असते, तसा येथें प्रत्येक सोयीसाठीं एक बिट असतो. तो १ असेल तर सोय आहे, ० असेल तर नाहीं. पुढें सोयी इतक्या वाढल्या कीं एका उत्तरांत त्या मावेनात, आणि प्रश्नांचे क्रमांक वाढवावे लागले.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. सीपीयूआयडी ही आज्ञा कोणताहि प्रोग्राम देऊं शकतो. तीस कर्नेलाची परवानगी लागत नाहीं. एरवीं कर्नेलास ती दिल्याचें कळतहि नाहीं. पुढें ज्या अडचणी आम्ही सांगणार आहों त्यांपैकीं बहुतेकींचें मूळ येथें आहे.

असलेली सोय बंद कां करावी, असा प्रश्न मुलें विचारतील. कारणें अनेक आहेत. कधीं प्रोसेसर विकला गेल्यानंतर त्या सोयींत दोष सांपडतो. कधीं सोय बरोबर चालते, पण तिच्या आडून एका प्रोग्रामाचें गुपित दुसऱ्यास चोरतां येतें. कधीं कर्नेल तयार करणाऱ्यानेंच त्या सोयीस लागणारा भाग वगळलेला असतो. आणि कधीं यंत्राचा मालक कांहीं तपासण्यासाठीं ती मुद्दाम बंद ठेवूं इच्छितो.

यंत्र सुरू होतांना कर्नेल स्वतः सीपीयूआयडीची उत्तरें घेऊन आपल्या एका कोष्टकांत उतरवितो. पुढें कर्नेलाच्या ज्या भागास एखादी सोय वापरावयाची असेल तो प्रोसेसरास न विचारतां या कोष्टकांत पाहतो. त्याच कोष्टकावरून सर्वांस वाचण्याजोगी एक फाइलहि तयार होते. लिनक्समध्यें ‘प्रॉक’ या विभागांत ‘सीपीयूइन्फो’ नांवानें ती सांपडेल. तिच्यांतील ‘फ्लॅग्ज’ या लांबलचक ओळींत सोयींचीं नांवें एकापुढें एक लिहिलेलीं असतात. म्हणजे एकाच सोयीविषयीं चार ठिकाणीं चार साक्षी झाल्या : प्रोसेसराचें स्वतःचें उत्तर, कर्नेलाचें कोष्टक, ही फाइल, आणि ती आज्ञा दिल्यावर प्रत्यक्ष जें घडतें तें. सोय सुरक्षितपणें झांकली असें केव्हां म्हणावें ? या चारी साक्षी एकमेकींशीं जुळल्या तर. आणि न जुळल्यास निदान त्यांच्या विसंगतीनें कोणाचें नुकसान होत नसेल तर. एखाद्या शाळेनें प्रयोगशाळेस कुलूप घातलें, पण माहितीपत्रकांत ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ हे शब्द तसेच राहूं दिले, तर ते शब्द वाचून मुलास घातलेल्या पालकाची जी स्थिति होईल, तीच प्रोग्रामाची होते. फरक इतकाच कीं पालक निदान चौकशी करतो. प्रोग्राम उत्तर वाचतो आणि सरळ पाऊल टाकतो.

नुसतें कोष्टकांतून नांव खोडल्यानें काय होतें व काय होत नाहीं, याचें साधें उदाहरण लिनक्सच्या ‘क्लिअरसीपीयूआयडी’ या कलमाचें आहे. यंत्र सुरू करतांना मालकानें हा शब्द व सोयीचें नांव लिहून दिलें कीं कर्नेल ती सोय आपल्या कोष्टकांतून काढून टाकतो. फाइलींतूनहि ती नाहींशी होते. परंतु कलमाचें नांव जरा फसवें आहे. सीपीयूआयडीच्या उत्तरास त्यानें धक्काहि लागत नाहीं. जो प्रोग्राम प्रोसेसरास थेट विचारतो त्यास ती सोय पूर्वींसारखीच दिसते. ही मर्यादा कर्नेलाच्या कागदपत्रांत स्पष्ट नमूद केली आहे. महत्त्वाची सोय खोडल्यास कर्नेल स्वतः बिघडूं शकेल, असा इशाराहि तेथें आहे. कलम वापरलें गेल्यास कर्नेल आपल्या दप्तरीं तशी नोंद करून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी दोषाची तक्रार घेऊन आला तर ‘या यंत्रांत मुद्दाम फेरफार केलेला होता’ हें तपासणाऱ्यास कळावें. तपासणीच्या कामास हें कलम ठीक आहे. रोजच्या वापरासाठीं त्यावर विसंबणें आमच्या मतें योग्य नव्हे.

याच्या उलट, पहिल्यापासून विचार करून बांधलेली व्यवस्था कशी असते तें एव्हीएक्स या सोयीवरून दिसतें. २०११ सालीं इंटेलच्या सँडी ब्रिज या पिढीबरोबर ती आली. तिच्यामुळें १२८ बिटांच्या रजिस्टरांची रुंदी २५६ बिट झाली. आतां अडचण अशी : प्रोसेसर एक आणि प्रोग्राम अनेक. कर्नेल एकास क्षणभर चालवितो, थांबवितो, त्याचीं रजिस्टरें जशींच्या तशीं स्मृतींत उतरून ठेवतो, आणि दुसऱ्याचीं रजिस्टरें भरून त्यास चालवितो. एका सेकंदांत असें शेंकडों वेळां घडतें. ज्या जुन्या कर्नेलास रजिस्टरांच्या या नव्या वरच्या अर्ध्या भागाची माहितीच नाहीं, तो हा भाग जपून ठेवणार नाहीं. मग एका प्रोग्रामानें मांडलेल्या संख्यांवर दुसऱ्याच्या संख्या येऊन बसतील. यंत्र बंद पडणार नाहीं, तक्रारहि उठणार नाहीं. नुसतें उत्तर चुकेल. आमच्या मतें बंद पडणाऱ्या यंत्राहून हें शतपटीनें वाईट.

यावर योजलेला उपाय असा. एव्हीएक्सच्या आज्ञा चालाव्यात कीं नाहीं हें एका विशेष रजिस्टरावर अवलंबून ठेवलें, आणि त्यांत लिहिण्याचा अधिकार केवळ कर्नेलास दिला. कर्नेलानें तेथें ‘मला हीं रुंद रजिस्टरें सांभाळतां येतात’ अशी खूण केली तरच त्या आज्ञा चालतात. नाहीं तर प्रोसेसर त्या ओळखण्याचेंच नाकारतो. शिवाय कर्नेलानें ही नवी पद्धत स्वीकारली आहे किंवा नाहीं हें सीपीयूआयडीच्या उत्तरांतील २७ व्या बिटावरून सर्वांस कळतें. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम तीन गोष्टी पाहतो : २८ वा बिट, म्हणजे प्रोसेसरास एव्हीएक्स येतें काय, २७ वा बिट, म्हणजे कर्नेलानें पद्धत स्वीकारली आहे काय, आणि त्या विशेष रजिस्टरांतील खूण. तें रजिस्टर वाचण्याची मुभा सर्वांस आहे. जो प्रोग्राम पहिलाच प्रश्न विचारून थांबतो त्याचा घात होतो, पण त्यांत दोष त्याचा स्वतःचा. कर्नेलानें खूण न केल्यास सोय खरोखर बंद असते व बंद असल्याचें सर्वांस कळतें.

सर्वच सोयींस असें दार नसतें, आणि तेथेंच खरी परीक्षा होते. २०१३ सालीं इंटेलनें हॅसवेल या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांत टीएसएक्स नांवाची सोय दिली. तिची कल्पना मोठी मनोहर आहे. एकाच वहींत अनेक कारकुनांस लिहावयाचें असेल तर एरवीं वहीस कुलूप लावून एकेकानें लिहावें लागतें. टीएसएक्स म्हणते कीं कुलूप नकोच. सर्वांनीं एकदम लिहावें, आणि दोघांचें लिखाण एकाच ओळीवर आदळलें तर त्यांपैकीं एकाचें पुसून त्यास पुनः लिहावयास लावावें. बहुधा आदळणार नाहीं, आणि वेळ वाचेल. परंतु ऑगस्ट २०१४ मध्यें त्या रचनेंत दोष असल्याचें इंटेलनें कबूल केलें व मायक्रोकोडच्या द्वारें ती सोय बंद करण्याचा मार्ग दिला. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसराच्या अंतर्भागांत भरावयाची सूचनांची पुरवणी. यंत्र चालू असतांनाहि ती भरतां येते.

आणि घोटाळा येथेंच झाला. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम ज्या मूलभूत ग्रंथालयाच्या आधारें चालतात, तें ग्रंथालय कांहीं ठिकाणीं कुलपांसाठीं टीएसएक्स वापरूं लागलें होतें. प्रोग्राम सुरू होतांना तें सीपीयूआयडीस एकदां विचारी, ‘सोय आहे’ हें उत्तर मनाशीं धरून ठेवी, आणि पुनः विचारीत नसे. कोणताहि शहाणा प्रोग्राम असेंच करील. प्रोसेसराचें उत्तर मध्येंच बदलेल अशी शंका कोणास यावी? अशा चालत्या यंत्रांत नवा मायक्रोकोड भरला गेला. त्या क्षणापासून सीपीयूआयडी ‘नाहीं’ म्हणूं लागला व ती आज्ञा अनोळखी ठरली. ज्यांनीं आधींच ‘आहे’ असें लिहून ठेवलें होतें ते प्रोग्राम पुढच्याच कुलपापाशीं कोसळले. साक्षी सगळ्या खऱ्या होत्या, परंतु त्या वेगवेगळ्या वेळच्या होत्या. उपाय असा ठरला कीं असा मायक्रोकोड यंत्र सुरू होण्याच्या अगदीं आरंभीं, कोणी कांहीं विचारण्यापूर्वींच भरावयाचा.

या अनुभवाचा उपयोग पांच वर्षांनीं झालेला दिसतो. नोव्हेंबर २०१९ मध्यें याच टीएसएक्सच्या आडून गुपितें फुटूं शकतात असें उघड झालें. या वेळीं इंटेलनें कांहीं प्रोसेसरांसाठीं जें नवें नियंत्रक रजिस्टर दिलें त्यांत दोन निरनिराळे बिट ठेवले. एकानें सीपीयूआयडीच्या उत्तरांतून सोयीचें नांव निघून जातें. दुसऱ्यानें ती आज्ञा अनोळखी होत नाहीं. ती चालते, पण प्रत्येक वेळीं ‘लिखाण आदळलें, रद्द’ असेंच उत्तर देते. यांतील चातुर्य वाचकांच्या लक्षांत यावें. टीएसएक्स वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामास लिखाण रद्द झाल्यास काय करावें याची दुसरी वाट ठेवावीच लागते, कारण रद्द होणें हा त्या सोयीचा नित्याचा धर्म आहे. मग ज्यानें जुनें उत्तर धरून ठेवलें आहे तोहि कोसळत नाहीं. तो प्रत्येक वेळीं दुसऱ्या वाटेनें जातो, थोडा उशीर लागतो, एवढेंच. नवा येणारा प्रोग्राम विचारतो, त्यास ‘नाहीं’ असें उत्तर मिळतें, व तो त्या वाटेस जातच नाहीं. लिनक्सनें हे दोन्ही बिट वापरले, आणि मालकानें स्पष्ट मागितल्यावांचून ही सोय त्या प्रोसेसरांवर बंद ठेवण्याचें मूळ धोरण स्वीकारलें.

त्याच २०१९ सालचें दुसरें एक उदाहरण आम्हांस विशेष आवडतें. यदृच्छ संख्या देणाऱ्या आज्ञेस आरडीरँड म्हणतात. गुप्त किल्ल्या तयार करण्यास अशा संख्या लागतात. त्या कोणास आधीं ओळखतां आल्या तर कुलूप असून नसल्यासारखें. एएमडीच्या ‘फॅमिली १५’ व ‘फॅमिली १६’ या प्रोसेसरांच्या (हे अंक षोडशमान पद्धतीचे आहेत) कांहीं यंत्रांत असें आढळलें कीं यंत्र एकदां झोपवून जागें केलें म्हणजे ही आज्ञा दर वेळीं एकच संख्या देते, सर्व बिट १ असलेली. आणि वर ‘काम यशस्वी झालें’ अशी खूणहि करते. झोपेंत प्रोसेसराची वीज तुटते. उठल्यावर सर्व पूर्ववत् करण्याचें काम यंत्राच्या मूळ फर्मवेअरचें असतें, आणि तें तेथें नीट होत नसे. प्रत्येक कामास वेगळा ओळखक्रमांक द्यावा म्हणून जे प्रोग्राम ही आज्ञा वापरीत, त्यांस दर वेळीं तोच क्रमांक मिळूं लागला. परिणामीं कांहीं यंत्रें एकदां झोपून उठलीं कीं दुसऱ्यांदां झोपेनात. असल्या गमतीदार लक्षणावरून दोष सांपडला हें बरेंच झालें. किल्ल्यांच्या बाबतींत तो मुकाट्यानें राहिला असता.

कर्नेलानें केलेली उपाययोजना अशी. एएमडीनें एक विशेष रजिस्टर ठेवलें आहे; त्यांतील एक बिट उतरविला कीं सीपीयूआयडीच्या उत्तरांतून आरडीरँडचें नांव नाहींसें होतें. आज्ञा स्वतः चालूच राहते, पण विचारून वागणारा कोणीहि तिच्या वाटेस जात नाहीं. कर्नेल तो बिट उतरवितो, आणि लगेच सीपीयूआयडीस पुनः विचारून नांव खरोखर गेलें काय हें पाहतो. कारण कर्नेल कधीं कधीं खऱ्या यंत्रावर नसून दुसऱ्या प्रोग्रामानें उभारलेल्या आभासी यंत्रावर चालत असतो, आणि तेथें या रजिस्टरांत लिहिलेलें पोंचेलच असें नाहीं. नांव गेलें असेल तरच तो आपल्या कोष्टकांतून सोय खोडतो व दप्तरीं लिहितो कीं आरडीरँड लपविली आहे, हवी असल्यास अमुक शब्द लिहून परत आणा. नांव गेलें नसेल तर कोष्टक तसेंच ठेवून, लपवितां आली नाहीं असें लिहितो. ‘मी सांगितलें, म्हणजे झालेंच असेल’ या भ्रमांत तो राहत नाहीं. आणखी एक बारकावा आहे. यंत्र झोपून उठतांना तें लपविणारें रजिस्टरहि मूळ स्थितीस जाईल, आणि नेमक्या घाताच्या वेळीं सोय पुनः दिसूं लागेल ! म्हणून झोपण्यापूर्वीं तें रजिस्टर जपून ठेवणें व उठल्यावर परत भरणें हेंहि कर्नेलाच्या कामांत येतें.

एक सोय खोडली म्हणजे तेवढ्यानें भागतें असेंहि नाहीं. रुंद रजिस्टरें जपून ठेवणारी एक्ससेव्ह ही सोय नसेल तर एव्हीएक्सला अर्थ नाहीं. एव्हीएक्स नसेल तर एव्हीएक्स २ ला नाहीं. तें नसेल तर एव्हीएक्स ५१२ ला नाहीं. लिनक्सच्या कर्नेलांत २०१७ पासून अशा अवलंबनांचें एक कोष्टक आहे. एक नांव खोडलें कीं कर्नेल तें कोष्टक पुनः पुनः चाळतो, व खोडण्याजोगें कांहीं उरत नाहीं तोंपर्यंत थांबत नाहीं. त्यापूर्वीं हें प्रत्येक ठिकाणीं हातानें करावें लागे, आणि एखादें नातें विसरलें जाई.

वेळेचा प्रश्न कर्नेलाच्या आंतहि आहे. वेगासाठीं कर्नेल यंत्र सुरू होतांना आपल्याच मजकुरांत दुरुस्त्या करून घेतो : अमुक सोय आहे, तर या जागीं ही आज्ञा, नाहीं, तर ती. एकदां हें शिवणकाम झालें कीं मागाहून कोष्टकांत खोडाखोड केल्यानें शिवलेलें उसवत नाहीं. म्हणून खोडावयाचें तें त्यापूर्वींच खोडलें पाहिजे.

एका यंत्रांत अनेक प्रोसेसर-गाभे असतात, आणि ते सर्व सारखेच असतील असा नेम नाहीं. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या अल्डर लेक या पिढींत मोठ्या गाभ्यांस एव्हीएक्स ५१२ येत होतें व लहान गाभ्यांस येत नव्हतें. कर्नेल प्रोग्रामास कधीं मोठ्या गाभ्यावर चालवील, कधीं लहान. मोठ्यावर विचारून लहानावर आज्ञा दिली तर प्रोग्राम संपला. लिनक्स सर्व गाभ्यांच्या याद्या एकत्र करतांना जें सर्वांस येतें तेवढेंच सामाईक कोष्टकांत ठेवतो. पण प्रोग्राम थेट विचारतात तेथें या सावधगिरीचा उपयोग काय ? तेव्हां सोय मुळांतच बंद असणें आवश्यक होतें, आणि इंटेलनें ती बंदच ठेवली. कांहीं मदरबोर्डांवर लहान गाभे बंद करून ती उघडतां येत असे. पुढें २०२२ मध्यें ती वाटहि बंद करण्यांत आली. लोकांस पैसे देऊन घेतलेलें सिलिकॉन वायां गेल्याचें वाईट वाटलें, व तें साहजिक आहे. तथापि निम्मी खरी यादी देण्यापेक्षां हें बरें.

आतां ज्या सोयी कर्नेल तयार करणाऱ्यानेंच वगळल्या त्यांची गोष्ट. वरवर ही सर्वांत सोपी. पण तींतच पुष्कळ दिवस एक उणीव राहून गेली होती. समजा, स्मृतींत कुलूपबंद कोठडी करून देणारी एसजीएक्स ही सोय न घेतां कर्नेल तयार केला. कर्नेलाच्या ज्या भागांनीं सोयीविषयीं विचारण्याची नवी रीत उचलली होती त्यांस ‘नाहीं’ असें उत्तर तयार होण्याच्या वेळींच मिळून जाई. परंतु यंत्र सुरू होतांना प्रोसेसराकडून उतरलेल्या कोष्टकांत तो बिट १ च राही. जुन्या रीतीनें विचारणारा भाग तेथें पाहून ‘आहे’ म्हणे, आणि ‘फ्लॅग्ज’च्या ओळींतहि नांव झळके. एकाच कर्नेलाची एकाच प्रश्नास दोन उत्तरें ! त्या फाइलीविषयीं कर्नेलाचे कागद सांगतात कीं तींत नांव असणें म्हणजे कर्नेलानें ती सोय चालू केली असणें. तें वचनहि खोटें पडे. २०२५ सालीं यावर दुरुस्ती आली. वगळलेल्या सर्व सोयींचें टिपण आतां कर्नेलाबरोबर तयार होतें, आणि यंत्र सुरू होतांनाच त्या टिपणाप्रमाणें कोष्टकांतील बिट उतरविले जातात. अर्थात् सीपीयूआयडीचें थेट उत्तर यानें बदलत नाहीं. पण असल्या सोयींस बहुधा कर्नेलानें उघडावयाचें दार असतें. त्यानें तें उघडलेलेंच नसल्यानें नुसतें नांव दिसून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

थेट उत्तरच बदलण्याचा मार्ग अगदींच नाहीं असें नव्हे. २०१२ सालच्या आयव्ही ब्रिज पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरांत अशी तजवीज आहे कीं कर्नेलानें ठरविल्यास प्रोग्रामाची सीपीयूआयडी आज्ञा अडविली जाऊन कर्नेलापुढें यावी; २०१७ पासून लिनक्समध्यें एखाद्या प्रोग्रामापुरती ती वापरतां येते. आभासी यंत्रांत तर हें नित्य चालतें. मोठ्या कंपन्यांच्या संगणकगृहांत एखादें आभासी यंत्र चालू असतांनाच नव्या संगणकावरून जुन्यावर हलवावें लागतें. म्हणून त्यास पहिल्यापासून जुन्या संगणकास जें येतें तेवढेंच दाखवितात.

ज्या विद्यार्थ्यांस हौस असेल त्यांनीं लिनक्सच्या यंत्रावर ही ‘सीपीयूइन्फो’ फाइल उघडून ‘फ्लॅग्ज’ची ओळ वहींत उतरून घ्यावी. त्या ओळींत एखादें नांव नसलें म्हणजे सिलिकॉनवर ती सोय नाहींच असें समजूं नये. प्रोसेसराचें मूळ उत्तर वाचण्यासाठीं कर्नेलाच्याच मजकुरासोबत ‘केसीपीयूआयडी’ नांवाचा एक छोटा प्रोग्राम येतो. त्याची यादी दुसऱ्या पानावर लिहावी. मग दोन्ही पानें शेजारीं ठेवून जीं नांवें एका पानावर आहेत व दुसऱ्यावर नाहींत त्यांखालीं रेघ ओढावी, आणि तीं कर्नेलास ठाऊकच नाहींत, कर्नेल तयार करणाऱ्यानें वगळलीं, मालकानें खोडलीं, कीं दोष निघाल्यामुळें झांकलीं, हें कर्नेलाच्या सुरू होण्याच्या वेळच्या दप्तरांत शोधून पाहावें.